मापापेक्षा थोडं मोठं

अहमदाबादहून परतताना
दोनशे कार्डं छापून आणली होती मी.
साडेतीनशे जीएसएम, मॅट,
नावातल्या दोन अक्षरांमधलं अंतर
आठवडाभर सरकवत बसले होते.
शेवटच्या लेक्चरला सांगितलं होतं :
रोज पाच नवी माणसं भेटा.

कोल्हापुरात पहिल्याच दिवशी पाच भेटली.
पाचही जणांनी कार्ड उलटं करून
मागं काही आहे का पाहिलं
आणि विचारलं, "तू कुणाची?"

लक्ष्मीपुरीत जिनगोंडा मगदूमांनी
कार्डाचा कोपरा बोटांत चुरून बघितला, वास घेतला.
"कागद चांगला हाय. केवढ्याला पडला?"
मग माझ्या नावाच्या पाठीवर
रीमचा भाव लिहून
कार्ड मलाच परत दिलं.

उद्यमनगरात तातोबा सुतार.
भुशाने पिवळा पडलेला रेडिओ,
त्यावर झोपलेलं मांजर, तेही पिवळंच.
एका पंपाच्या अंगावरची अक्षरं काढली होती मी.
स्क्रीनवर देखणा दिसणारा ळ
ओतून आला तो डोळे मिटून,
दोन्ही गाठींत वाळू घट्ट.
तातोबांनी त्यावरून अंगठा फिरवला.
"भिंती अशा ताठ उभ्या केल्यास
तर वाळू सोडत न्हाई, पोरी. जरा उतार ठेव.
आणि मापापेक्षा थोडं मोठंच काढ सगळं.
गार झालं की लोखंड आकसतंय."
मी वहीत लिहून घेतलं : उतार, दोन अंश.
पैसे विचारले तर म्हणाले,
"शनिवार पेठेतनं जाणार न्हवं?
दस्तगीरची ही फ्रेम तेवढी पोचीव."

फ्रेम पोचवली.
दस्तगीर मुजावर शाई ढवळत होते,
हात कोपरापर्यंत निळे.
कुणी पाठवलं ते विचारलं, कार्ड विचारलं नाही.
चहा येईपर्यंत त्यांनी मला
एका चुकलेल्या निळ्याची गोष्ट सांगितली,
आणि चहानंतर एक काम.

त्यानंतर कशातून काय निघत गेलं
ते मला नीट मांडता येणार नाही.
हुपरीच्या वहिनींच्या पैंजणांची डबी
कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आली माझ्याकडे,
सोबत भाजलेल्या शेंगा.
डबीचे पैसे सात महिन्यांनी.
शेंगा मात्र दर वर्षी.

माझ्या फोनमध्ये आडनावं नाहीत.
तातोबा पॅटर्न.
दस्तगीर निळा.
हुपरी वहिनी दुपारी नको.
मगदूम उधार बंद.
मगदूम उधार चालू.

पुण्याच्या एका हॉटेलात
गळ्यात नावाची पट्टी अडकवून
एका संध्याकाळी एकतीस कार्डं गोळा केली मी.
फोन तीनदा थरथरला पर्समध्ये.
तातोबा पॅटर्न.
उद्या करू, म्हटलं.
मग परवा.
आठव्या दिवशी केला तर मुलाने उचलला.
"आप्पा गेले. तुमचा कुठला तरी ळ
परत कोरला होता म्हणं त्यांनी,
बघायला बोलवत हुते."

तो ळ टेबलावर आहे, सागवानी.
भिंतींना उतार आहे.
ठरल्या मापापेक्षा थोडा मोठा आहे.
अजून ओतलेला नाही कुणी.
एकतीस कार्डांना मी रबर लावून ठेवलंय,
त्यातला एकही चेहरा आठवत नाही.

काल आफ्रीन आली, कलानिकेतनमधून नुकती सुटलेली,
फोल्डर छातीशी असं धरलेलं
जणू मी हिसकावून घेणार होते.
कार्ड पुढं केलं तिनं. गोल कोपरे.
मी ते उलटं करून बघितलं
आणि तोंडातून निघून गेलं :
"तू कुणाची?"
ती गोंधळली. "कुणाचीच नाही, मॅडम."

ड्रॉवरमधून माझं एक जुनं कार्ड काढलं,
कडा पिवळ्या पडलेलं.
पाठीवर दस्तगीरचा नंबर लिहिला.
"शनिवार पेठेत जा. चहा घेतल्याशिवाय उठू नकोस.
आणि विचारलं तर सांग,
तातोबांच्या पोरीनं पाठवलंय."